मेन कोर्समध्ये भाकरी कुठे?

पुण्या-मुंबईतल्या, किंवा आता तालुक्याच्या गावातल्याही एखाद्या एसी हॉटेलचं मेनूकार्ड उघडा. आधी सूप, मग स्टार्टर, मग ‘मेन कोर्स व्हेज’ आणि ‘मेन कोर्स नॉनव्हेज’, त्याच्या पुढच्या पानावर ‘राइस अँड बिर्याणी’, नंतर ‘रोटी’ किंवा ‘इंडियन ब्रेड्स’ आणि शेवटी डेझर्ट. मेन कोर्सच्या पानावर पनीर मसाला, व्हेज कोल्हापुरी, बैंगन मसाला, चिकन हंडी. म्हणजे भाकरीला, पोळीला किंवा भाताला लावून खायच्या त्या गोष्टी मुख्य, आणि जिनं पोट भरायचं ती भाकरी वेगळ्या पानावर, नगावर पैसे देऊन घ्यायची. तीच पनीरची भाजी घरी करायची म्हणून इंटरनेटवर रेसिपी शोधली, तर भारतीय इंग्रजीत तिची जात निघते ‘साइड डिश फॉर चपाती’. एकाच देशात, एकाच भाषेत, एकच पदार्थ हॉटेलात ‘मेन’ आणि घरात ‘साइड’.

हा घोळ आपल्याला इंग्रजी नीट येत नाही म्हणून झालेला नाही. जेवणातल्या मुख्य पदार्थाला काय म्हणायचं, याबद्दल इंग्रजी बोलणाऱ्या देशांचंच आपसांत एकमत नाही आणि कधी नव्हतं. प्रत्येक शब्दामागे मेज कोणाचं, वाढणारे किती, मांस किती परवडतं, असे हिशेब आहेत. ते पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे की ही शब्दावली मांस मधोमध ठेवणाऱ्या एका विशिष्ट मेजावर घडली. धान्य मधोमध ठेवून जेवणाऱ्या लोकांनी जिथे जिथे इंग्रजी आपलीशी केली, तिथे त्यांनी तिला आपल्या जेवणाचे शब्द शिकवले. आपल्या हॉटेलांनी मात्र परक्या मेजाची मांडणी जशीच्या तशी उचलली.

सुरुवात ‘ऑन्ट्रे’पासून करायला हवी, कारण सगळ्यात जास्त वाद याच शब्दावर आहे. अमेरिकेत ऑन्ट्रे म्हणजे जेवणातला मुख्य, भरभक्कम पदार्थ. फ्रान्समध्ये ऑन्ट्रे म्हणजे त्याच्या आधी येणारा हलका पदार्थ. ऑस्ट्रेलियातही क्रम तोच: ऑन्ट्रे, मेन, डेझर्ट. कॅनडात दोन्ही अर्थ एका देशात नांदतात. टोरांटोच्या इंग्रजी कार्डावर ऑन्ट्रे मुख्य, तर मॉन्ट्रियलच्या फ्रेंच कार्डावर तोच सुरुवातीचा. एक भाऊ मेलबर्नला आणि दुसरा न्यू जर्सीला, अशी मराठी घरं आता पुष्कळ आहेत. दोघांनी आईला फोनवर ‘ऑन्ट्रेला काय मागवलं’ ते सांगितलं, तर एकाच्या बशीत चार कोळंब्या असतील आणि दुसऱ्याच्या बशीत अर्धी कोंबडी.

शब्दाचा मूळ फ्रेंच अर्थ ‘प्रवेश’. त्यामुळे अमेरिकनांना फ्रेंच कळलं नाही आणि त्यांनी शब्द चुकीचा लावला, असं युरोपात सर्रास बोललं जातं. ते बरोबर नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ डॅन जुराफ्स्की यांनी २०१४ च्या ‘द लँग्वेज ऑफ फूड’ या पुस्तकात जुनी पाकपुस्तकं आणि मेनूकार्डं तपासून या शब्दाचा माग काढला आहे. १६ व्या शतकाच्या मध्याला फ्रेंच पाकपुस्तकांत ‘ऑन्ट्रे’ हे मेजवानीच्या आरंभी मेजावर येणाऱ्या पदार्थांचं नाव होतं. आरंभी येत असले तरी ते पदार्थ हलके नव्हते. त्यांत मांसाचे चांगले रसरशीत प्रकार असत. १६५१ मध्ये ला व्हारेन या फ्रेंच आचाऱ्याचं ‘ल क्विझिनिए फ्रांस्वा’ हे पाकपुस्तक आलं, तोवर ऑन्ट्रे म्हणजे सॉसमध्ये शिजवलेला, आचाऱ्याचं कसब दाखवणारा गरम मांसाहारी पदार्थ, हे ठरून गेलं होतं. विस्तवावर भाजलेलं मोठं मांस, म्हणजे रोस्ट, त्याच्यानंतर यायचं.

त्या काळची वाढपाची पद्धत डोळ्यांसमोर आणल्याशिवाय हे नीट समजत नाही. फ्रेंच पद्धतीत एका फेरीचे सगळे पदार्थ एकदमच मेजावर मांडत, तेही काटेकोर जोड्या साधून: या टोकाला सूप तर त्या टोकालाही सूप, या कोपऱ्यात कबुतरं तर समोरच्या कोपऱ्यात ससा. ज्याच्या हाताला जे लागेल ते त्यानं घ्यायचं आणि शेजाऱ्याला द्यायचं. ‘कोर्स’ हा शब्द या अख्ख्या फेरीला होता, एका पदार्थाला नव्हता. मेजाच्या कडेला ठेवलेलं ते ‘साइड डिश’. तो शब्द जागेवरून पडला आहे. सूपचं भांडं रिकामं झालं की नोकर ते उचलून त्या जागी मोठा मासा किंवा मांसाचा तुकडा ठेवत. इंग्रजीत त्याला ‘रिमूव्ह’ म्हणत, फ्रेंचमध्ये ‘रलव्हे’. उचललेल्याच्या जागी आलेला, एवढाच त्या नावाचा अर्थ. १७४७ मध्ये हॅना ग्लास यांनी इंग्रज गृहिणींसाठी आणि मोलकरणींसाठी लिहिलेल्या पाकपुस्तकात एक मोठं प्रकरण ‘मेड डिशेस’चं आहे: नुसतं भाजून न वाढता रस्सा घालून, मसाला लावून ‘केलेले’ पदार्थ. फ्रेंचांच्या ऑन्ट्रेच्या अगदी जवळचा इंग्रजी शब्द हाच होता. अशा मेजावर ‘मुख्य पदार्थ कोणता’ हा प्रश्नच कोणी विचारला नसता.

हा प्रश्न पडू लागला तो रशियन पद्धतीमुळे. १८१० च्या सुमारास रशियाचे पॅरिसमधले राजदूत अलेक्झांडर कुराकिन यांच्या घरी पदार्थ एकापाठोपाठ एक वाढले जात, असं सांगतात आणि फ्रान्समध्ये ही चाल आणण्याचं श्रेय त्यांना देतात. मांस आत किंवा बाजूच्या मेजावर कापायचं आणि प्रत्येक पाहुण्यापर्यंत न्यायचं. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात ही पद्धत इंग्लंडमधल्या श्रीमंत घरांत पसरली. तिला नोकर जास्त लागत, पण अन्न गरम मिळे. आता मेजावर सगळं एकदम दिसत नव्हतं, म्हणून पुढे काय येणार ते लिहून ठेवावं लागलं. पाहुण्यासमोर छापील मेनूकार्ड येऊ लागलं ते याच गरजेतून. आणि पदार्थ रांगेत उभे राहिल्यावर कोण आधी, कोण नंतर, कोण मोठा, हे ठरणं आलंच.

त्या रांगेत ऑन्ट्रेची जागा माशानंतर आणि रोस्टच्या आधी होती. १४ एप्रिल १९१२ ला ‘टायटॅनिक’च्या पहिल्या वर्गात वाढलेल्या शेवटच्या रात्रीच्या जेवणाचं कार्ड प्रसिद्ध आहे. त्यात सॅमन माशानंतर फिले मिन्यों, कोंबडीचा एक फ्रेंच प्रकार आणि मसाला भरलेला भोपळ्याच्या जातीचा एक प्रकार येतो. त्यांच्यापुढे पुदिन्याच्या सॉसबरोबर कोकराचं मांस, भाजलेलं बदक आणि गोमांस. मधली ती तिघंजणं म्हणजे जुन्या अर्थाची ऑन्ट्रे. आपल्याकडे हॉटेल मॅनेजमेंटचे विद्यार्थी ही रांग आजही पाठ करतात. लीलावती मुन्शी यांच्या पुढाकारानं १९५४ मध्ये मुंबईत सुरू झालेली संस्था, जिला सगळे ‘दादर केटरिंग’ म्हणतात, ती धरून देशभरच्या संस्थांमध्ये सतरा कोर्सचा ‘फ्रेंच क्लासिकल मेनू’ शिकवतात. त्यात ऑन्ट्रे माशानंतर येतो आणि रलव्हे, रोस्ट त्याच्याही पुढे. परीक्षेत हा क्रम लिहिणारी मुलं नोकरीला लागतात त्या हॉटेलात अमेरिकन पाहुणा त्याच शब्दानं मुख्य पदार्थ मागतो आणि फ्रेंच पाहुणा सुरुवातीचा.

पुढे महायुद्धं आली, नोकरचाकर कमी झाले, घरं आणि जेवणं आटोपशीर झाली आणि ती रांग छाटली गेली. सात-आठ फेऱ्यांच्या तीन झाल्या. अमेरिकेत रोस्टची वेगळी फेरी गेली आणि मांसाचा जो काही एक पदार्थ उरला त्याला ऑन्ट्रे हे नाव चिकटलं. फ्रान्समध्ये उलट घडलं. तिथल्या लोकांना शब्दातला ‘प्रवेश’ रोज ऐकू येत होता, म्हणून तो शब्द सरकत सरकत जेवणाच्या दाराशी गेला आणि अंडी, सॅलड, थंड मांसाचे काप यांना लागू झाला. १९३८ च्या ‘लारूस गॅस्ट्रोनोमिक’ या जाडजूड फ्रेंच कोशात, ऑन्ट्रे म्हणजे पहिला पदार्थ हा समज चुकीचा आहे, असं स्पष्ट लिहावं लागलं. लोकांनी कोशाचं ऐकलं नाही. अमेरिकेनं शब्दातलं वजन जपलं, फ्रान्सनं त्यातली जागा जपली, आणि दोन्ही जुनीच होती. जुराफ्स्कींचं हे विवेचन मला पूर्ण पटतं. ‘अमेरिकनांची चूक’ ही गोष्ट आता सांगणं थांबवायला हवं.

ब्रिटनमध्ये आज ‘ऑन्ट्रे’ फारसा कोणी म्हणत नाही. तिथे ‘स्टार्टर’ आणि ‘मेन’. पण ब्रिटिश मेजावर मुख्य काय, हे त्याआधीपासून घराघरात ठरलेलं होतं: रविवारचा ‘जॉइंट’, म्हणजे हाडासकट भाजलेला मांसाचा मोठा तुकडा. सोमवारी तोच थंड, मंगळवारी त्याचाच खिमा. खुद्द ‘मीट’ हा शब्द जुन्या इंग्रजीत कुठल्याही अन्नासाठी होता. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये ज्याला ‘मीट ऑफरिंग’ म्हटलं आहे त्या नैवेद्यात पीठ आणि तेल आहे, मांसाचा कण नाही. अन्नाचा शब्द पुढे एकट्या मांसाचा होऊन बसला, यावरून त्या मेजावर सत्ता कोणाची झाली ते कळतं. रोजच्या जेवणाचं नावच ‘मीट अँड टू व्हेज’: एक मांस, दोन भाज्या. मानववंशशास्त्रज्ञ मेरी डग्लस यांनी १९७२ च्या ‘डिसायफरिंग अ मील’ या निबंधात आपल्या घरच्या जेवणाचं जणू व्याकरण मांडलं. ‘ए’ म्हणजे जोर असलेला पदार्थ, ‘बी’ म्हणजे बिनजोराचा. आणि पुरं जेवण म्हणजे एक ए आणि दोन बी. बशीतही तसंच, आणि फेऱ्यांतही तसंच.

या व्याकरणाला सरकारनंही हातभार लावला. दुसऱ्या महायुद्धात घरच्या रेशनवर कडक बंधनं होती, पण पैसेवाले हॉटेलात जाऊन हवं ते खात. त्यावर ओरड झाली आणि १९४२ मध्ये ब्रिटिश सरकारनं हुकूम काढला: हॉटेलातलं जेवण जास्तीत जास्त ५ शिलिंगांचं आणि जास्तीत जास्त तीन कोर्सचं, मासा, कोंबडी, शिकार यांचा मिळून एकच पदार्थ. एका माणसाला एक मुख्य पदार्थ, ही गोष्ट ब्रिटनमध्ये काही वर्षं सरकारी हुकमानं चालली. युद्धानंतरच्या पिढीला तीच घडी स्वाभाविक वाटली तर त्यात नवल नाही.

अमेरिकेत हे काम बाजारानं केलं. १९५३-५४ च्या सुमारास स्वॉन्सन कंपनीनं गोठवलेलं तयार जेवण ‘टीव्ही डिनर’ म्हणून विकायला काढलं. अॅल्युमिनियमच्या ट्रेमध्ये तीन कप्पे: मोठ्यात टर्की आणि त्याबरोबरचं सारण, लहान दोन कप्प्यांत मटार आणि रताळी. डग्लसबाईंचं एक ए आणि दोन बी पत्र्यातच ठोकून काढलेले. या तयार जेवणांवर ‘लो फॅट’सारखे दावे छापायचे तर नियम लागतात, म्हणून ‘मेन डिश’ची कायदेशीर व्याख्याही अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं केली आहे. एका वाढपात किमान ६ औंस, म्हणजे साधारण १७० ग्रॅम. चार अन्नगटांपैकी किमान दोन गटांतलं प्रत्येकी ४० ग्रॅम. आणि पाकिटावर तो मुख्य पदार्थ म्हणून दाखवलेला हवा. १० औंस आणि तीन भाग झाले तर ते ‘मील’. लोणची, चटण्या, ग्रेव्ह्या मोजायच्या नाहीत. ही व्याख्या वाचताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. त्या चार गटांत भात-पाव एका गटात आहेत आणि डाळी मांसाच्या गटात आहेत. म्हणजे वजनात बसला आणि पाकिटावर मुख्य पदार्थ म्हणून दाखवला तर आपला वरण-भात अमेरिकेच्या कायद्यानं रीतसर ‘मेन डिश’ आहे. हॉटेलच्या कार्डाला जे जमलं नाही ते सरकारी नियमाला जमलं, कारण त्यानं पदार्थ एकेकटा न बघता जोडी बघितली.

अलीकडची भर म्हणजे ‘प्रोटीन’. अमेरिकेतल्या मांसविक्रीच्या धंद्यात ‘सेंटर ऑफ द प्लेट’ हा शब्द आधीपासून आहे. बशीच्या मधोमध बसणारा माल, असा. आता ‘बोल’, म्हणजे एका वाडग्यातलं जेवण, विकणाऱ्या दुकानांत काउंटरवरचा मुलगा विचारतो, प्रोटीन कोणतं घेणार? चिकन, मासा, टोफू, राजमा, जे असेल ते. मुख्य पदार्थाचं नाव जाऊन त्याच्या पोषणमूल्याचं नाव आलं. मला हा शब्द रुचत नाही, अन्नाला रसायनाच्या नावानं हाक मारावीशी वाटत नाही. पण त्यानं टोफू आणि राजम्याला कोंबडीच्या शेजारी समान जागा दिली, हेही मान्य करायला हवं.

इथवर सगळं मांसाच्या मेजाचं झालं. पण इंग्रजी फक्त त्याच मेजावर बोलली गेली नाही. स्कॉटलंडमध्ये आणि आयर्लंडमध्ये गरिबाचं पोट ओटच्या भाकरीनं, नंतर बटाट्यानं भरायचं. त्याबरोबर जो थोडा मासा, चीज, लोणी, चरबी मिळेल त्याला तिथे ‘किचन’ म्हणत. स्वयंपाकघर नव्हे, भाकरीबरोबरचं काहीतरी. १८८६ मध्ये यूल आणि बर्नेल यांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश काढला. त्यात ‘करी’ या शब्दाखाली ते समजावतात की पूर्वेकडे मुख्य अन्न म्हणजे धान्य, भाकरीच्या किंवा भाताच्या रूपात. त्याला चव कमी, म्हणून बरोबर थोडं चमचमीत काही घेतात. आणि आपले पूर्वज ज्याला ‘किचन’ म्हणत तेच हे. यूल स्वतः स्कॉटिश. करी हा मुख्य पदार्थ नाही, हे त्यांना एका वाक्यात कळलं, कारण त्यांच्या मुलखात अजून भाकरीचं जेवण आठवणीत होतं. पुढे लंडनच्या हॉटेलांत करी मांसाच्या जागी जाऊन बसली आणि हे ज्ञान मागे पडलं.

आफ्रिकेत ते मागे पडलं नाही. मलावी, झांबिया, झिम्बाब्वेतल्या इंग्रजीत मक्याच्या किंवा नाचणीच्या घट्ट शिजवलेल्या पिठाबरोबर जे खायचं त्याला ‘रेलिश’ म्हणतात, मग ती पालेभाजी असो की कोंबडी. मानववंशशास्त्रज्ञ ऑड्री रिचर्ड्स यांचं १९३९ चं ‘लँड, लेबर अँड डाएट इन नॉर्दर्न ऱ्होडेशिया’ हे पुस्तक याबाबतीत अजून वाचण्यासारखं आहे. त्या आजच्या झांबियातल्या बेंबा लोकांत राहिल्या. बेंबांचं जेवण म्हणजे ‘उब्वाली’, नाचणीच्या पिठाचा गोळा. बरोबर ‘उमुनानी’, म्हणजे रेलिश. रिचर्ड्सबाई सांगतात की डोळ्यांदेखत चार-पाच भाजलेली कणसं खाल्लेली माणसं थोड्या वेळानं दिवसभर उपाशी असल्याचं एकमेकांना सांगत. उब्वाली पोटात गेलं नाही तर ते जेवण नव्हेच. कोकणातल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. दोन बशा पोहे आणि चार घावन खाल्लेला माणूसही भात झाला नाही तर ‘जेवलो नाही’ असंच म्हणतो. पुढे मानववंशशास्त्रज्ञ सिडनी मिंट्झ यांनी जगभरच्या शेतकरी जेवणांची हीच घडण दाखवली: मधोमध पिष्टाचा गाभा, कडेला चवीची किनार आणि सोबत बहुतेक वेळा एखादं कडधान्य.

फिलिपिन्समध्ये इंग्रजीला आणखी छान वळण मिळालं. तिथे भाताबरोबरच्या पदार्थाला टागालोगमध्ये ‘उलाम’ म्हणतात आणि इंग्रजीत ‘व्हायंड’. हा जुना फ्रेंच वळणाचा शब्द इंग्लंडमध्ये आता पुस्तकांपुरता उरला. मनिलात खानावळीच्या फळ्यावर तो रोज असतो, एक व्हायंड आणि भात, दोन व्हायंड आणि भात. नायजेरियानं उलट बाजूला नाव दिलं. तिथल्या इंग्रजीत गारी, कुटलेलं याम असल्या पिष्टाच्या गोळ्यांना ‘स्वॉलो’ म्हणतात, न चावता गिळायचे म्हणून, आणि बरोबरच्या दाट कालवणाला ‘सूप’. लंडनच्या माणसाला सूप म्हणजे जेवणाची सुरुवात. लागोसच्या माणसाला सूप म्हणजे स्वॉलोची जोडी.

आता आपल्याकडे. मराठीत या गोष्टीला शब्दांची कमी कधीच नव्हती. तोंडीलावणं आहे. भातात-भाकरीत कालवायचं ते कालवण. सातारा-कोल्हापूर-सोलापूरकडे ‘आज कोरड्यास काय केलंय?’ असं विचारतात. कोरड्या भाकरीसाठी जे केलं ते कोरड्यास. आणि पदार्थांची नावं तर जोडीनंच येतात: झुणका-भाकर, वरण-भात, पोळी-भाजी, पिठलं-भात, कोंबडी-वडे. मुख्य कोण, हे विचारायला तिथे जागाच नाही, जोडी मुख्य आहे. जुन्या मुंबईनं इंग्रजी वापरली तेव्हाही हे भान होतं. उडप्याच्या हॉटेलात चपाती, भाजी, आमटी, भात मिळून जे यायचं त्याला ‘राइस प्लेट’ म्हणत. नाव धान्याला दिलं होतं. गोव्यात ‘फिश करी राइस’ म्हणतात, तिन्ही एका दमात. २६ जानेवारी २०२० ला महाराष्ट्र सरकारनं शिवभोजन थाळी सुरू केली, १० रुपयांत: ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भाताची मूद आणि १०० ग्रॅम वरण. सरकारी कागदावरच्या या चार ओळींत जेवणाची मराठी व्याख्या अमेरिकन व्याख्येइतक्याच नेमकेपणानं आली आहे, आणि त्यात ‘मेन’ असं काही नाही.

अर्थात आपल्या ताटात कोणीच मोठा नसतो असंही नाही. रविवारी मटण असलं की ते जेवण मटणाचं. मालवणी हॉटेलात सुरमई थाळी, पापलेट थाळी अशी नावं असतात. भात, सोलकढी, चपाती सगळ्यांत सारखी, पण नाव आणि भाव माशावर ठरतो. महाग गोष्ट नाव पटकावते, हे लंडनइतकंच मालवणातही खरं आहे. आणि सणाच्या शाकाहारी जेवणात तर आपल्याकडचा मुख्य पदार्थ गोड असतो. ‘लग्नात जेवायला काय होतं?’ याचं उत्तर ‘जिलबी होती’, ‘श्रीखंड-पुरी होती’. भाजी, आमटी, मसालेभात, मठ्ठा हे त्यात धरलेलेच असतात. पक्वान्न हे जेवणाचं नाव असतं आणि ते पंगतीच्या मध्यावर, पोळी-पुरीबरोबर आग्रहानं वाढतात, जेवण उरकल्यावर नव्हे. ‘डेझर्ट’ हा इंग्रजी शब्द पक्वान्नाला लावला की ते ताटातून उठून शेवटच्या काउंटरवर जातं. लग्नांच्या बुफेत ते गेलंच आहे: वेगळं टेबल, वेगळी रांग, हातात कागदी वाटी. गरम पुरीबरोबर श्रीखंड खायचं तर पुरी एका टोकाला आणि श्रीखंड दुसऱ्या टोकाला. शब्दानं मांडणी बदलली आणि मांडणीनं खाणं बदललं. हे मला फार खटकतं.

अमेरिकेतल्या एका मराठी मंडळाच्या दिवाळीच्या जेवणाची यादी मी पाहिली आहे, ज्यात प्रत्येक घर एकेक पदार्थ आणतं. रकाने होते अॅपेटायझर, ऑन्ट्रे, साइड, डेझर्ट. ऑन्ट्रेखाली छोले, पनीर, भरली वांगी. एका घरानं पोळ्या आणायचं कबूल केलं होतं. पहाटे उठून लाटणार होते ते लोक. त्या पोळ्या ‘साइड’च्या रकान्यात, चटणी आणि पापडाच्या मधे होत्या. मसालेभात कुणीतरी आधी ऑन्ट्रेत लिहून मग खोडून साइडमध्ये टाकला होता. वांगी आणणारं घर ऐन वेळी आलं नाही तर जेवण झालं असतं. पोळ्या-भात आले नसते तर सगळे कोरड्या भाज्यांकडे बघत बसले असते.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे आणि हॉटेलवाल्यांना, केटररना, मेनूकार्ड छापणाऱ्यांना ती आजही करता येईल. ‘मेन कोर्स’ हे शीर्षक जिथे खरंच एका बशीत पुरं जेवण येतं तिथे ठेवा: स्टेक असेल, पास्ता असेल, सिझलर असेल, बिर्याणीही असेल. आपल्या जेवणाच्या पानावर मात्र वर भाकरी, पोळी, भात लिहा, ज्वारीची का बाजरीची, आंबेमोहोर का इंद्रायणी, तेही लिहा, कारण वरच्या ओळीत आल्यावर त्याची चौकशी होईल. खाली ‘तोंडीलावणी’ असं शीर्षक देऊन भाज्या, आमट्या, रस्से लिहा. इंग्रजी कार्ड हवंच असेल तर मनिलासारखा ‘व्हायंड’ किंवा मलावीसारखा ‘रेलिश’ घ्यायला कुणाची हरकत असणार नाही. आणि पुरणपोळी डेझर्टच्या पानावरून काढून तिथे भाकरी-पोळीच्या रांगेत आणा, कटाच्या आमटीसकट, म्हणजे मागवणाऱ्याला ती जेवण संपल्यावर आइस्क्रीमबरोबर येणार नाही.